बंद रेल्वेमार्गावरून १५२ किलोमीटर सायकल, आणि आपल्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या जागेचं काय करायचं

मंजिरी_डुनेडिन (शनिवार, सकाळी ७:१०)

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसतीच वाचत असते पण आज लिहायला बसलेय, कारण मागच्या आठवड्यात आम्ही घरच्यांनी चार दिवसांत ओटागो सेंट्रल रेल ट्रेल पूर्ण केली आणि ती डोक्यातून जातच नाहीये. मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ६६, कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नव्हता, त्यांच्यासाठी इ-सायकल भाड्याने घेतली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्लाइड ते मिडलमार्च असा १५२ किमीचा रस्ता आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत जुन्या रेल्वेच्या भरावावरून जातो. मोटारगाडी नाही, मोटरसायकल नाही. चालणारे, सायकलवाले आणि घोडेवाले, बस.

ही रेल्वे बांधायला १८७९ मध्ये सुरुवात झाली आणि क्लाइडला रूळ पोचायला १९०७ उजाडलं. डोंगर, दऱ्या आणि तोकडा पैसा, त्यामुळे इतकी वर्षं गेली. नंतर ट्रक आले, माल रस्त्याने जायला लागला, शेवटी शेवटी क्लाइडच्या धरणाचं सामान वाहायला म्हणून लाईन जिवंत ठेवली आणि ते काम संपत आल्यावर १९९० मध्ये बंद केली. रूळ उचलले, स्लीपर उचलले. त्याआधी १९८४ ला इथल्या सरकारने शेतीचं अनुदान काढून घेतलं होतं, म्हणजे गावं आधीच वाकलेली, त्यात रेल्वे गेली. पण एक गोष्ट झाली, जमीन तुकडे करून विकली नाही. १९९३ मध्ये अख्खी पट्टी निसर्ग संवर्धन खात्याकडे गेली, पुढच्या वर्षी स्थानिक लोकांनी ट्रस्ट काढला, पैसे गोळा केले, टप्प्याटप्प्याने काम केलं आणि फेब्रुवारी २००० मध्ये पूर्ण ट्रेल खुली झाली.

क्लाइडहून निघालं की पहिले काही किमी सपाट, दोन्ही बाजूंना रानटी थाइमचा वास, पुढे अलेक्झांड्रा, चॅटो क्रीक. मग टायगर हिलचा चढ लागतो, नाव ऐकून आम्ही घाबरलो होतो पण रेल्वेचा चढ तो, ५० मीटरला एक मीटर याच्यापेक्षा जास्त कुठेच नाही, वाफेच्या इंजिनाला जे झेपायचं ते माणसाच्या पायाला झेपतंच. पहिला मुक्काम लॉडर. दुसऱ्या दिवशी पूलबर्नची दरी, आणि तिथे मी खरोखर थांबले. दगडी खांबांवर उभा ३७ मीटर उंच पूल आणि लागोपाठ दोन बोगदे, आत मिट्ट काळोख, टॉर्च लावून सायकल हातात धरून चालायचं. लेकीने बोगद्यात आजीचा हात धरला होता की आजीने तिचा, ते अंधारात कळलं नाही. मग ओटुरेहुआ, वेडरबर्न. सगळ्यात उंच जागा वेडरबर्नजवळच आहे, ६१८ मीटर. तिसऱ्या दिवशी रॅनफर्ली करून वायपिआटाला मुक्काम, शेवटच्या दिवशी प्राइसेस क्रीकचा बोगदा, हाईड आणि मिडलमार्च. हाईडजवळ ४ जून १९४३ ला गाडी वळणावर वेगात घसरून २१ माणसं गेली होती, त्यांचं स्मारक आहे. तिथे आम्ही थोडा वेळ गप्प बसलो.

हे सगळं इथे लिहायचं कारण वेगळंच. सासूबाईंचं माहेर कारंजा लाड, मूर्तिजापूर-यवतमाळच्या नॅरोगेज म्हणजे अरुंद रुळांच्या लाईनीवरचं, त्या छोट्या गाडीला सगळे शकुंतला म्हणतात. वेडरबर्नला हिरव्या रंगाची एक जुनी मालाची शेड जपून ठेवलीय, आजूबाजूला काहीच नाही, नुसतं गवत आणि लांबवर डोंगर. त्या शेडपाशी सायकल टेकवून त्या म्हणाल्या, "आमची शकुंतला बंदच आहे ना गं? तिची जागा आहे का अजून, का गेली?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतेय. कारंजा, दारव्हा, यवतमाळ, दर्यापूर, अचलपूर या बाजूचं कोणी आहे का? जागा शाबूत आहे का? आणि तिथे असा रस्ता व्हावा असं कोणाला वाटतं का?

निशिगंध (शनिवार, सकाळी ८:०२)

फार सुंदर लिहिलंय. बोगद्याचा फोटो असेल तर टाका ना. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, माझी आई ६१ ची आहे, तिला हे वाचून दाखवणार आहे आजच.

सायकलवेडा_पुणे (शनिवार, सकाळी ९:२५)

मंजिरीताई एकदम मनातलं बोललात. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किमी आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७७, म्हणजे १९० किमी होतात, ओटागोपेक्षा जास्त! आणि वरच्या टोकाला परतवाडा, तिथून चिखलदरा. पुणे-मुंबईचे हजारो सायकलवाले सुट्टीत येतील, स्टेशनच्या इमारतीत कॅफे, तंबूचे मुक्काम, सायकल भाड्याने. विदर्भाचं नाव जगात होईल. आपण एक निवेदन तयार करूया का?

दारव्हेकर (शनिवार, सकाळी ११:४८)

मंजिरीताई तुमच्या सासूबाईले सांगा का जागा हाये. रूळही हायेत बऱ्याच ठिकाणी, वरतून बाभळी अन् गवत वाढलं. पण मले हा धागा वाचून बरं नाई वाटलं, खरं सांगतो. आमाले गाडी पायजे. सायकलचा रस्ता नाई पायजे. शकुंतलेसाठी लोकाइनं मोर्चे काढले, उपोषणं केली, निवेदनं देऊन देऊन माणसं थकली. ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळाच्या मोठ्या गाडीची, घोषणा झाली तं गावात पेढे वाटले होते. आता तुम्ही म्हणता का तिथं पुण्याचे लोक सुट्टीत सायकल चालवतीन. म्हणजे गाडी येत नाई हे आपणच लिहून द्यायचं का? एकदा का रूळ उचलले बाप्पा तं परत कोणी टाकत नाई.

तुमाले माहीत नसन म्हणून सांगतो ही गाडी काय होती. किलिक निक्सन कंपनीनं कापूस नेयासाठी बांधली, आमचा कापूस मूर्तिजापूरले, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. इंजिनही तिकडचंच, १९२१ साली बनलेलं, १९२३ पासून १९९४ पर्यंत तेच वाफेचं इंजिन चाललं, मंग डिझेल आलं. मालकी खासगी कंपनीची अन् चालवे रेल्वे, करारावर. माणसं इतकी कमी का फाटक आलं का गाडी थांबे, गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावे, गाडी पुढं जाये, परत थांबे, फाटक उघडून माणूस चढे. माहा बा दारव्हा स्टेशनवर शेंगा इके. गरिबाची गाडी होती ते. दवाखान्यात जाणारा, बाजाराले जाणारा माणूस तिच्यात बसे. त्या माणसाले तुमचा कॅफे कायले पायजे?

सायकलवेडा_पुणे (शनिवार, दुपारी १२:३०)

दादा माझा उद्देश तुम्हाला दुखवायचा नव्हता. मी फक्त पर्यटनाच्या बाजूने विचार केला, ते चुकलंच. तुमचं म्हणणं पटतंय.

मंजिरी_डुनेडिन (शनिवार, दुपारी १२:५५)

दारव्हेकर दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला, शेंगांचं ऐकून त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. गाडी नको असं मी म्हणत नाहीये, मला ते नीट लिहायला हवं होतं. इथेसुद्धा एकाच लाईनचे दोन भाग झाले. क्लाइड ते मिडलमार्च रूळ उचलून ट्रेल केली, पण मिडलमार्चच्या खाली डुनेडिनच्या बाजूला टायरी नदीची खोल दरी आहे, तिथले रूळ शहराने स्वतः घेतले आणि पर्यटकांसाठी गाडी चालवली. कितीतरी वर्षं लोक गाडीने मिडलमार्चला यायचे आणि स्टेशनवरच सायकलवर बसायचे. २०२० पासून तिथपर्यंत नियमित गाडी येत नाही आणि त्याबद्दल इथले लोक आजही तळमळून बोलतात. म्हणजे ट्रेल झाली म्हणून गाडीची ओढ संपते असं मी तरी पाहिलं नाही.

अलेघनीकाठ (शनिवार, संध्याकाळी ६:४०)

मी पिट्सबर्गला असतो, मूळ गाव अकोला. दारव्हेकरांनी जी भीती सांगितली ना, एकदा रूळ गेले की परत येत नाहीत, नेमक्या त्याच भीतीवर अमेरिकेत एक कायदा झाला म्हणून लिहितोय. इथे रेल्वे कंपन्या तोट्यातल्या लाईनी सोडून द्यायला लागल्या तेव्हा अडचण अशी यायची की कित्येक ठिकाणी कंपनीकडे जमिनीचा फक्त वापराचा हक्क असायचा, वापर थांबला की पट्टी आजूबाजूच्या मालकांकडे तुकड्या तुकड्याने परत जायची आणि शंभर मैलांची सलग जागा कायमची मोडायची. म्हणून १९८३ मध्ये इथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, कायद्यात दुरुस्ती केली. पट्टी सोडून न देता ट्रेल म्हणून वापरात ठेवायची, आणि उद्या रेल्वेला परत हवी झाली तर तिने रूळ टाकून घ्यायची. याला रेल बँकिंग म्हणतात, जागा जणू बँकेत ठेवलीय. जमीनमालक कोर्टात गेले, १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला. आणि काही थोड्या ठिकाणी खरोखर ट्रेलच्या जागी परत रेल्वे आलेली आहे.

दुसरं म्हणजे गाडी किंवा ट्रेल असं एकच निवडायला लागतं असंही नाही. आमच्याकडची ग्रेट अलेघनी पॅसेज पिट्सबर्ग ते कंबरलंड, २४० किमी. पहिला तुकडा १९८६ मध्ये झाला आणि पिट्सबर्गच्या टोकापर्यंत पूर्ण व्हायला २०१३ आलं, सत्तावीस वर्षं, हे मुद्दाम सांगतो. तर तिच्या शेवटच्या भागात, फ्रॉस्टबर्ग ते कंबरलंड, एकाच पट्टीवर एका बाजूला पर्यटकांची रेल्वे चालते आणि शेजारून सायकलचा रस्ता. मध्ये एक बोगदा येतो, त्यातून दोन्ही जातात. मी मुलाला घेऊन गेलो होतो, शेजारून वाफेचं इंजिन धडधडत गेलं तेव्हा पोरगं सायकल टाकून टाळ्या वाजवत होतं.

तेव्हा मागणी करायचीच तर शब्द फार जपून वापरायला हवेत. "रेल्वेऐवजी ट्रेल" असं कुठेही यायला नको. "रेल्वे येईपर्यंत पट्टी सलग राहावी आणि तोवर लोकांना चालायला खुली व्हावी" असं यायला हवं.

दारव्हेकर (शनिवार, रात्री ९:१५)

हे जे तुम्ही बँकेचं सांगतलं हे मले पटलं. पण आपल्या इकडं असा कायदा हाये का?

अॅड_देशमुख (शनिवार, रात्री १०:२०)

रेल बँकिंगसारखी तरतूद आपल्या रेल्वे कायद्यात नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांनी आधी समजून घ्या, उत्साहाच्या भरात कोणी फावडं घेऊन साफसफाई करायला जाऊ नका. गाडी धावत नसली तरी ती रेल्वेचीच हद्द आहे, परवानगीशिवाय आत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. इथे तर खासगी कंपनीचा जुना करारही मध्ये आहे, म्हणजे जमिनीवर कोणाचा किती हक्क उरला हा प्रश्न आधी कागदावर सुटायला हवा. माझ्या मते पहिलं काम अगदी साधं आहे. प्रत्येक गावाचा गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो, त्यावर रेल्वेची पट्टी दाखवलेली असते. तो काढा, माहितीच्या अधिकारात हद्दीची कागदपत्रं मागा, आणि आज प्रत्यक्षात पट्टी कुठे किती उरलीय त्याची हद्दीबाहेरून नोंद करा. कुठे पीक पेरलंय, कुठे टपरी आलीय, कुठे गावाने उकिरडा केलाय. ब्रॉडगेज आली तरी हीच नोंद लागणार आहे आणि ट्रेल झाली तरी हीच.

निवृत्त_अभियंता (रविवार, सकाळी ६:०५)

बत्तीस वर्षं यवतमाळ-अमरावतीच्या रस्त्यांवर काम केलं आहे, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो, थोडं लांबेल.

विदर्भात रस्ता करायचा म्हणजे काळ्या मातीशी गाठ. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती फुगते, वर काहीही टाका ते हलतं. पांदण रस्त्यांची पावसाळ्यात काय अवस्था होते ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको, बैल पोटापर्यंत रुततो. रेल्वेचा भराव मात्र मुरूम आणून दाबून केलेला असतो, वर गिट्टी, आणि शंभराहून जास्त पावसाळे गाडीच्या वजनाखाली तो बसलेला आहे. असा तयार पाया आज नव्याने करायला गेलात तर किलोमीटरमागे काय खर्च येईल याचा हिशेब कोणत्याही ठेकेदाराला विचारा. रूळ आहेत की गेले यापेक्षा मला या भरावाची काळजी वाटते. लोक मुरूम उकरून नेतात. एका रात्रीत दोन ट्रॉली जातात आणि तिथे पावसाचं पाणी भराव कापतं, मग पुढच्या वर्षी खिंडार.

दुसरं, मोऱ्या. रेल्वेने जुन्या काळात पाण्याच्या प्रत्येक ओघळीला मोरी ठेवलेली असते, दगडी किंवा विटांची कमान. ती गाळाने बुजली की वरच्या शेतात पाणी तुंबतं, मग वैतागलेला शेतकरी भराव फोडतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही फोडला असता. म्हणून मोऱ्या मोकळ्या ठेवणं हे पहिलं काम, पृष्ठभाग नंतर.

पृष्ठभागाचं म्हणाल तर गिट्टीवर सायकल चालत नाही, चाक घसरतं. मंजिरीताई, तिकडे काय केलं होतं? डांबर की खडी?

मंजिरी_डुनेडिन (रविवार, सकाळी ७:४०)

काका, डांबर अजिबात नाही. वरच्या जाड गिट्टीच्या जागी बारीक खडी आणि चुरी पसरून दाबलेली आहे. पुलांवर स्लीपरच्या जागी लाकडी फळ्या आणि दोन्ही बाजूंना कठडे बसवले, जुन्या पुलांना कठडेच नव्हते. पाऊस तिकडे फार कमी, तो भाग न्यूझीलंडमधला सगळ्यात कोरडा, त्यामुळे टिकतं. आपल्याकडच्या पावसाला ते पुरेल का हे तुम्हीच सांगू शकाल. रेल्वेचे गँगमन ज्या खोपट्यांत थांबायचे त्यातली काही दुरुस्त करून ठेवलीयत, आत बसायला बाक आणि त्या भागाच्या इतिहासाचे फलक. सावली म्हणून तेवढीच, बाकी उघडा माळ. आम्ही सकाळी लवकर निघून दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोचायचो.

दर्यापूरचा_शेतकरी (रविवार, सकाळी १०:१०)

माझं शेत अचलपूर लाईनला लागून आहे, धुऱ्याच्या पलीकडे लगेच रूळ. सगळे चांगलं बोलून राहिले पण शेताच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. उन्हाळ्यात पऱ्हाट्या, तुराट्या धुऱ्यावर पडलेल्या असतात, कोणी बिडी टाकली तर आख्खा धुरा पेटतो. पुढे अंजनगावकडे पानमळे आहेत, पानपिंपरी आहे, अचलपूरकडे संत्रा आहे. लोक जाणार येणार आणि माल तोडणार नाही याची हमी कोण घेते? रात्री आम्ही रानडुकरांसाठी जागलीला असतो, कोणी तारेला करंट सोडते, ते चूकच आहे पण सोडतात, आणि उद्या तिथून लेकरं सायकलवर जातील तर? आणि पाणी. आमचा सगळा खारपाण पट्टा, विहिरीचं पाणी तोंडात घेता येत नाही. वाटसरूने पाणी मागितलं तर नाही म्हणता येत नाही, पण आमच्याकडेच पाणी विकत येते. हे प्रश्न सुटले तर माझा विरोध नाही. उलट मला शेतात जायला रस्ताच नाही, चार महिने मी चिखलातून जातो, तो भराव मोकळा झाला तर माझाच पहिला फायदा. पण तुम्ही म्हणता गाड्या बंद. बैलगाडी चालेल का?

मंजिरी_डुनेडिन (रविवार, सकाळी ११:३५)

दादा, तुमचे सगळे प्रश्न खरे आहेत आणि आगीचा व घुसखोरीचा प्रश्न इथल्या शेतकऱ्यांनीही असाच विचारला होता. लॉडरला आम्ही ज्यांच्याकडे उतरलो ते मेंढपाळ कुटुंब, ते काका म्हणाले की सुरुवातीला ते स्वतः विरोधात होते. फाटकं उघडी राहतील, मेंढ्या मिसळतील, विण्याच्या दिवसांत कुत्री अंगावर जातील, आग लागेल. आता त्यांच्या जुन्या घराच्या दोन खोल्या ट्रेलवाल्यांसाठी आहेत. पण हे आपोआप झालं नाही. शेत आडवं जातं तिथे फाटक आहे आणि फाटकावर पाटी, जसं असेल तसं ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. काही ठिकाणी गुरं ओलांडू शकणार नाहीत अशा लोखंडी नळ्यांच्या जाळ्या जमिनीत बसवल्यात. मोकाट आग पेटवायला बंदी.

बैलगाडीचं मात्र मला सांगता येणार नाही. इथे घोडा चालतो, गाडी नाही.

निवृत्त_अभियंता (रविवार, दुपारी १२:२०)

बैलगाडीची लोखंडी धाव चुरीचा पृष्ठभाग एका पावसाळ्यात कापून काढते. पण शेतकऱ्याच्या जमिनीला लागून रस्ता न्यायचा आणि त्यालाच म्हणायचं तू यायचं नाहीस, हे टिकणार नाही आणि ते योग्यही नाही. पट्टी बहुतेक ठिकाणी भरावापेक्षा रुंद असते. भरावावर चालणारे आणि सायकली, आणि जिथे रुंदी मिळेल तिथे पायथ्याशी मुरमाची गाडीवाट, असा विचार करता येईल. ज्या ठिकाणी रुंदी नाही तिथे गावानेच ठरवावं. मोटरसायकल मात्र शिरली की संपलं. ती थांबवायला नुसती पाटी पुरत नाही, तोंडाशी दगडी खांब हवेत, सायकल आणि माणूस जाईल एवढ्याच अंतरावर.

सुनीता_कारंजा (रविवार, दुपारी ३:०५)

मी कारंज्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. सकाळपासून सगळे प्रतिसाद वाचतेय आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. आपण पर्यटक म्हणतोय, शेतकरी म्हणतोय, पण त्या वाटेवर रोज कोण जाईल सांगू? माझ्या वर्गातल्या मुली.

सरकारच्या मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळते त्या दिवशी पोरींचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण ती चालवायची कुठे? डांबरी रस्त्यावर कापसाच्या, उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, बाजूला साईडपट्टी नाही, खड्डा चुकवायला पोरगी मध्ये आली की मागून हॉर्न. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीला ट्रॉलीचा धक्का लागला, हात मोडला, जीव वाचला हे नशीब. त्यानंतर त्या गावच्या तीन घरांनी मुलींची सायकल बंद केली. एक मुलगी मामाकडे राहायला गेली, एकीची शाळा सुटली. सुटलीच. मी दोनदा घरी जाऊन आले.

रेल्वेची पट्टी गावागावांना जोडूनच काढलेली होती. स्टेशन म्हणजे गाव. सपाट, चढ नाही, वळण नाही, ट्रक नाही. दारव्हेकर भाऊ, गरिबाची गाडी होती म्हणालात ना, गाडी येईपर्यंत तिची जागा गरिबाच्या पोरीच्या सायकलला मिळाली तर त्यात गाडीचा अपमान आहे का? मी गाडीच्या विरोधात नाही. माझं बाळंतपणाचं माहेरपण त्याच गाडीने झालंय.

पण एक अट. एकट्या मुलीला निर्मनुष्य भरावावरून पाठवायला मी सांगणार नाही. दोन्ही बाजूंची झाडी तोडून नजर पोचेल एवढं मोकळं हवं आणि शेतातली माणसं दिसली पाहिजेत. म्हणून शेतकऱ्याला त्या वाटेवरून जाऊ द्या असं मला वाटतं. शेतात बाया निंदायला जातात त्या वेळेला मुली शाळेत जातात, त्यांच्या सोबतीनेच ती वाट सुरक्षित होईल.

निशिगंध (रविवार, दुपारी ३:३०)

सुनीताताई, वाचून गलबलून आलं. पूर्ण अनुमोदन.

दर्यापूरचा_शेतकरी (रविवार, संध्याकाळी ५:४५)

मॅडमनी बरोबर लिहिलं. करंटच्या तारेचं मी आमच्या गावात बोलतो, ट्रेल होवो न होवो.

दारव्हेकर (रविवार, रात्री ८:५०)

सुनीताताई तुमचं वाचून दोन तास मी काही लिहिलं नाई. माही पोरगी नववीत हाये. तिची सायकल घरात टांगून हाये.

मी आजही म्हणतो का गाडी पायजे. वर्धा-यवतमाळ-नांदेडचं काम चालू हाये, २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, तसंच आमचंही होईन कधीतरी. पण तोवर मुरूम उकरून गेला, कोणी घर बांधलं, तं गाडीलेही जागा नाई अन् सायकललेही नाई. हे मले आज समजलं. वकील सायेब म्हणतात तसं हद्दीत न शिरता नोंद करायची असन तं मी तयार हाये. आमच्या इकडं लाईनीच्या बाजूनं पांदण जाते, तिच्यावरून सगळं दिसते.

अलेघनीकाठ (रविवार, रात्री १०:१०)

फोनवर ठिकाणाची नोंद चालू ठेवून फोटो काढा, म्हणजे प्रत्येक फोटोला जागा लागते. मी इथून नकाशावर एकत्र लावून देतो, एवढं काम माझ्याकडे. सॅटेलाइटच्या चित्रात पट्टी अजून स्पष्ट दिसते, मी काल रात्री बसून मूर्तिजापूरपासून कारंज्यापर्यंत बघत गेलो, शेतांच्या चौकटींमधून एक बारीक रेघ जाते.

दारव्हेकर (पुढचा रविवार, दुपारी २:२०)

आज सकाळी गेलो. मी, माही पोरगी, तिच्या दोन मैत्रिणी, अन् बा. बा ७४ चा हाये, नको म्हटलं तं ऐकेना. दारव्ह्याहून यवतमाळच्या बाजूनं, पांदणीनं, सात किलोमीटर गेलो असन. परवा पाऊस झाला म्हणून पांदणीत चिखल, चप्पल हातात घेतली. अन् बाजूले भराव पाहा तं कोरडा, वर गवत वाळलेलं. अभियंता काका तुम्ही सांगतलं ते डोळ्यानं पाह्यलं.

अकरा मोऱ्या मोजल्या. चार पूर्ण बुजल्या. दोन ठिकाणी मुरूम काढून नेला, एका ठिकाणी भराव कापून ट्रॅक्टरले वाट केली. रूळ काही ठिकाणी दिसत नाई पण ते मातीखाली हायेत का गेले ते लांबून समजत नाई. एका फाटकापाशी बा उभा राह्यला अन् पोरीइले सांगत होता का इथं गाडी थांबे, माणूस उतरे. पोरी हसत होत्या, त्याइले खरंच वाटत नव्हतं. बानं मंजिरीताईले एक इचारायले सांगतलं, तिथं म्हाताऱ्या माणसाले दम खायले बसाची सोय किती अंतरावर हाये.

फोटो ९४ हायेत, पाठवतो.

मंजिरी_डुनेडिन (रविवार, दुपारी ४:०५)

बाबांना सांगा की गावं दहा-पंधरा किलोमीटरवर येतात आणि तिथे चहापाणी मिळतं, मधे खोपटी आणि बाक आहेत पण सासूबाईंच्या मते कमीच. त्या म्हणतात आपल्याकडे केलं तर दर दोन किलोमीटरला पार हवा, झाडासकट. आणि त्या विचारतायत की शेंगा भाजलेल्या असायच्या का उकडलेल्या?

दारव्हेकर (रविवार, दुपारी ४:३०)

उन्हाळ्यात भाजलेल्या, दिवाळीच्या टायमाले ओल्या उकडलेल्या. बा बाजूलेच बसला हाये, त्यानंच सांगतलं.

सुनीता_कारंजा (रविवार, संध्याकाळी ६:१५)

पुढच्या रविवारी आम्ही कारंज्याकडून करतो. आठ मुली, त्यातल्या चौघींच्या आया, आणि शाळेचे शिपाई काका. शनिवारी गाव नकाशाची प्रत मिळायला हवी, अर्ज दिलाय. काका, मोऱ्यांचं काय काय लिहून घ्यायचं? आणि टेप कोणता आणू, शाळेत पंधरा मीटरचा आहे.

निवृत्त_अभियंता (रविवार, संध्याकाळी ७:००)

मोरीचा गाळा किती रुंद, कमान दगडाची की विटांची, बुजली असेल तर अंदाजे किती, आणि वरच्या बाजूच्या शेतात पाणी तुंबल्याची खूण आहे का. हद्दीच्या आत जाऊ नका, जिथे रस्ता ओलांडतो तिथूनच जे दिसेल ते लिहा, बाकीचं नंतर परवानगीने. पट्टीची रुंदीही फक्त फाटकापाशी, रस्त्यावरूनच मोजा. टेप तीस मीटरचा आणा, पंधराचा पुरणार नाही. आणि मी येतोय, बसने सकाळी साडेसातपर्यंत कारंज्याला पोचतो.